उणें तेवढें भरावें : कंठग्रंथीच्या औषधाची कथा

आपल्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिचें वजन उण्यापुऱ्या दोन तोळ्यांचें. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, तशी हिला नाहीं. त्यामुळें हिचा स्राव कोठें वाहतांना दिसत नाहीं, तो परस्पर रक्तांत मिसळतो. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ टॉमस व्हार्टन यानें १६५६ सालीं हिला 'थायरॉइड' हें नांव दिलें; परंतु हिचें काम काय, हें त्याला सांगतां आलें नाहीं. गळ्याला गोलाई यावी, विशेषतः स्त्रियांच्या गळ्यास शोभा यावी, एवढ्यासाठींच निसर्गानें ही योजिली असावी, असा तर्क त्यानें केला. पुढें दोनशें वर्षें या तर्कापलीकडे शास्त्राची मजल फारशी गेली नाहीं.

आज त्याच ग्रंथीच्या स्रावाची गोळी असंख्य घरांत पहाटे उपाशीपोटीं घेतली जाते. एखाद्या इंद्रियाचा स्राव कमी पडला असतां तोच स्राव बाहेरून पुरवून मनुष्याला पुन्हां पहिल्यासारखा करतां येतो, हें वैद्यकानें प्रथम या ग्रंथीच्या बाबतींत सिद्ध केलें. पण त्याच सुमारास, त्याच युक्तीच्या आधारें, ज्यांना कांहीं उणें नव्हतें त्यांनाही ग्रंथींचे अर्क विकण्यास आरंभ झाला. उणीव भरणें आणि भरलेल्यांत भर घालणें या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. त्यांतील भेद कसा कळत गेला, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

या ग्रंथीच्या रोगांपैकीं गलगंड हा मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेंत त्याचें वर्णन आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं आणि युरोपांत आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत हा रोग घरोघर असे. समुद्रांतील स्पंज जाळून त्याची राख गलगंडावर देण्याचा प्रघात जुन्या वैद्यांत होता. १८११ सालीं समुद्रशैवालाच्या राखेंतून आयोडिन हें नवें मूलद्रव्य सांपडलें, तेव्हां जिनीव्हाचे वैद्य क्वांदे यांनीं असा विचार केला कीं, स्पंजाच्या राखेंतील गुणकारी भाग हाच असावा. १८२० सालीं त्यांनीं गलगंडावर आयोडिनचा अर्क देऊन पाहिला. पुष्कळांचा गंड उतरला. पण औषधाचा गवगवा होतांच लोक तें आपल्या मनानें, वाटेल तितकें पिऊं लागले. कित्येकांना विषबाधा झाली आणि उपचाराची अपकीर्ति झाली. औषध खरें, प्रमाण खोटें, हा या कथेंतील पहिला धडा.

यानंतरचा प्रसंग लंडनचा. सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं कांहीं प्रौढ स्त्रियांच्या विचित्र अवस्थेचें वर्णन केलें. या स्त्रिया पूर्वीं चांगल्या चलाख होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा सुजल्यासारखा झाला, त्वचा कोरडी व खरखरीत झाली, आवाज जड झाला, बोलणें मंदावलें, थंडी सहन होईनाशी झाली आणि बुद्धीवर जणूं मळभ आलें. त्यानंतर चार वर्षांनीं डॉ. ऑर्ड यांनीं या विकारास 'मिक्सिडीमा' हें नांव दिलें. शवविच्छेदनांत कंठग्रंथि सुकून गेलेली त्यांना आढळली होती. तथापि ग्रंथि सुकणें हें रोगाचें कारण कीं रोगाचा परिणाम, हें कोणास सांगतां येईना.

त्याचें उत्तर मिळालें तें स्वित्झर्लंडच्या बर्न शहरीं, एका अत्यंत कुशल शस्त्रवैद्याच्या हातून. आणि त्यासाठीं निरपराध रोग्यांना मोठी किंमत द्यावी लागली. थेओडोर कोखर हे तेथें प्राध्यापक होते. गलगंडाची शस्त्रक्रिया त्या काळीं रक्तस्राव व पू यांमुळें प्राणघातक समजली जाई. कोखर यांनीं जंतुनाशक पद्धति आणि विलक्षण हस्तकौशल्य यांच्या बळावर ती बरीच निर्धोक केली. कित्येक रोग्यांची संपूर्ण कंठग्रंथि त्यांनीं काढली. जखमा उत्तम भरल्या, रोगी आनंदानें घरीं गेले. यांतच एक अकरा वर्षांची मुलगी होती. १८७४ सालीं तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढें तिच्या गांवच्या वैद्याकडून असें कळलें कीं, मुलगी पार बदलून गेली आहे; खेळकर पोर होती, ती आतां सुस्त व मंदबुद्धि झाली आहे.

१८८२ सालीं जिनीव्हाच्या जाक-लुई रेव्हेर्दां या शस्त्रवैद्याकडूनही कोखर यांनीं असेंच ऐकलें. तेव्हां त्यांनीं आपल्या जुन्या रोग्यांना पत्रें पाठवून परत बोलाविलें. संपूर्ण ग्रंथि काढलेल्यांपैकीं अठरा जणांची त्यांनीं स्वतः तपासणी केली. त्यांतील सोळा जण तशाच शोचनीय अवस्थेंत होते. त्या मुलीची धाकटी बहीण वाढून चांगली उंचनिंच तरुणी झाली होती, आणि थोरली मात्र तिच्या शेजारीं खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची अशी उभी होती. १८८३ सालीं बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेंत कोखर यांनीं हें सर्व उघडपणें मांडलें, आणि साध्या गलगंडासाठीं यापुढें संपूर्ण ग्रंथि कधींही काढणार नाहीं असें ठरविलें. आपली कीर्ति ज्या शस्त्रक्रियेवर उभी, तिचेच दुष्परिणाम घरोघर शोधून काढण्यास मनाचा मोठेपणा लागतो. १९०९ सालीं कंठग्रंथीविषयींच्या कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच १८८३ सालीं लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या बैठकींत डॉ. फीलिक्स सीमन यांनीं एक धाडसी विधान केलें. जन्मजात खुजेपणा व बुद्धिमांद्य असलेलीं बालकें, गल यांच्या त्या प्रौढ स्त्रिया आणि कोखर यांचे ग्रंथिहीन रोगी हे तिन्ही एकाच व्याधीचे बळी आहेत, आणि ती व्याधि म्हणजे कंठग्रंथीचा अभाव, असें त्यांचें म्हणणें होतें. आरंभीं या कल्पनेची थट्टा झाली. परंतु सोसायटीनें चौकशीसाठीं समिति नेमली. व्हिक्टर हॉर्स्ली यांनीं माकडांच्या ग्रंथि काढून तींच लक्षणें उत्पन्न करून दाखविलीं. आणि १८८८ सालीं समितीनें आपल्या विस्तृत अहवालांत सीमन यांचें म्हणणें मान्य केलें.

आतां रोगाचें कारण कळलें होतें, उपाय मात्र हाताशीं नव्हता. अशा वेळीं पॅरिसमध्यें एक नवल घडलें. शार्ल ब्राउन-सेकार हे शरीरक्रियाशास्त्रांतील थोर पंडित. १८८९ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं कुत्रे व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेतला, आणि आपली शक्ति व उत्साह परत आल्याचें विद्वानांच्या सभेंत जाहीर केलें. वर्तमानपत्रांनीं ही बातमी उचलून धरली आणि तारुण्याचे अर्क विकणाऱ्यांचें पेव फुटलें. पाण्यांत काढलेल्या अशा अर्कांत पुरुषग्रंथीचें द्रव्य जवळजवळ उतरतच नाहीं. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्यांच्याच कृतीनें अर्क काढून मोजमाप केलें, तेव्हां त्यांतील द्रव्य परिणाम घडविण्यास अगदींच अपुरें ठरलें. वृद्ध शास्त्रज्ञास लाभलेला उत्साह श्रद्धेचा होता, अर्काचा नव्हता. तरीही ग्रंथींचे स्राव रक्तांत मिसळून दूरवर कार्य करितात ही त्यांची मूळ कल्पना खरी होती, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

तीच कल्पना कंठग्रंथीच्या बाबतींत फळास आली. १८९० सालीं लिस्बन येथें बेतेंकूर व सेरानो या दोन वैद्यांनीं मिक्सिडीमा झालेल्या एका स्त्रीच्या त्वचेखालीं मेंढीच्या ग्रंथीचें कलम बसविलें, तों दुसऱ्याच दिवसापासून तिला बरें वाटूं लागलें. इतक्या अल्पावधींत कलमांत नवें रक्ताभिसरण सुरू होणें अशक्य; तेव्हां ग्रंथींतील रस शोषला जाऊन गुण आला असला पाहिजे, हें उघड होतें.

न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे या हॉर्स्लींच्या शिष्यानें हा धागा नेमका पकडला. वय अवघें पंचवीस. रस शोषला जाऊनच गुण येत असेल, तर कलमाचा खटाटोप कशाला, सरळ रसच कां टोंचूं नये, असा त्याचा सवाल होता. स्थानिक वैद्यसभेंत त्यानें हा बेत मांडला, तेव्हां एका वडीलधाऱ्या वैद्यानें टोला मारला कीं, मग मज्जारज्जूच्या रोगावर मज्जारज्जूचाच काला कां देऊं नये? मरे डगमगला नाहीं. खाटकाकडून ताजी मेंढीची ग्रंथि आणावी, तिचे बारीक तुकडे करून ग्लिसरीन व कार्बोलिक आम्लाच्या पाण्यांत एक दिवस भिजत ठेवावे आणि तें सर्व रुमालांत घालून पिळावें, अशी त्याची साधी कृति होती. १३ एप्रिल १८९१ या दिवशीं मिक्सिडीमानें ग्रासलेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस त्यानें हा अर्क टोंचण्यास आरंभ केला. तीन महिन्यांच्या आंत तिची सूज उतरली, बोलणें मोकळें झालें, त्वचेला घाम येऊं लागला, आणि ती घरचीं कामें पुन्हां करूं लागली.

दुसऱ्याच वर्षीं असें आढळून आलें कीं, टोंचण्याचीही जरूर नाहीं. ग्रंथि पोटांत घेतली तरी तोच गुण येतो. प्लिमथच्या डॉ. फॉक्स यांनीं तर अर्धी ग्रंथि किंचित् परतून व बारीक करून फळांच्या मुरंब्याबरोबर आठवड्यांतून एकदां खाण्यास सांगितलें! हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या अंगावर शहारे येतील. पण ज्यांचें सर्व जीवनच थिजून गेलें होतें, त्यांना हा मुरंबा अमृतासारखा वाटला असल्यास नवल नाहीं. मरे यांची ती पहिली रोगी अठ्ठावीस वर्षें औषध घेत राहिली आणि चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन १९१९ सालीं वारली. तेवढ्या काळांत तिच्यासाठीं आठशें सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि खर्ची पडल्या, असा हिशेब मरे यांनींच पुढें प्रसिद्ध केला. औषधानें तिची ग्रंथि बरी झाली नव्हती; रोज उणें पडणारें रोज भरून निघत होतें, एवढेंच. या उपचाराचें सामर्थ्य यांत आहे आणि मर्यादाही यांतच आहे.

ब्राउन-सेकार व मरे यांच्यामध्यें अंतर अवघें दोन वर्षांचें. दोघांचीही युक्ति एकच. मग एकाचा अर्क भ्रम कां ठरला आणि दुसऱ्याचा संजीवनी कां ठरला? ग्रंथीचें द्रव्य मेंढीच्या अर्कांत खरोखरच उतरत होतें, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. मरे यांच्या रोग्याला काय उणें आहे, हें आधीं निश्चित झालें होतें. पंधरा वर्षांची निरीक्षणें, प्रयोग आणि चौकशी त्यामागें उभी होती. म्हातारपणीं काय उणें होतें, हें मात्र ब्राउन-सेकार यांनीं गृहीत धरलें होतें.

हा भेद जगानें लगेच ओळखला, असें मात्र झालें नाहीं. मिक्सिडीमाचे रोगी औषधानें सडपातळ होतात हें पाहून स्थूल पण निरोगी माणसें त्याच गोळ्या घेऊं लागलीं. त्यांच्या शरीरांत स्रावाची वाण नव्हती. त्यामुळें चरबीबरोबर मांसही झिजलें, हृदय धडधडूं लागलें, झोंप उडाली. अमेरिकेंत तर विसाव्या शतकाच्या मध्यास रंगीबेरंगी 'इंद्रधनुषी' गोळ्यांचा सुळसुळाट झाला होता; त्यांत कंठग्रंथीच्या चूर्णाबरोबर उत्तेजक व मूत्रल औषधेंही भरलेलीं असत. कित्येकांचे प्राण गेल्यावर १९६८ सालीं सरकारनें त्या जप्त केल्या.

इकडे रसायनशास्त्रज्ञ त्या स्रावांतील मूळ द्रव्याच्या शोधांत होते. १८९५ सालीं जर्मनींतील बाउमान यांना ग्रंथींत आयोडिन आढळलें, तेव्हां प्रथम त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. क्वांदे यांच्या तर्काला पाऊणशें वर्षांनीं आधार मिळाला तो असा. १९०५ सालीं लंडनच्या स्टार्लिंग यांनीं अशा रासायनिक दूतांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें. चेतविणारें, असा त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ, आणि आपलें 'संप्रेरक' हें नांव त्याला शोभेसेंच आहे. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडल यांनीं या ग्रंथीचें संप्रेरक स्फटिकरूपांत मिळविलें. तें थायरॉक्सिन. सुमारें तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हातीं आलें तें अवघें तेहेतीस ग्रॅम! त्याची रचना इंग्लंडच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनीं १९२६ सालीं उलगडली, आणि दुसऱ्याच वर्षीं बार्जर यांच्यासह तें प्रयोगशाळेंत तयार करून दाखविलें. पोटांतून नीट शोषला जाणारा त्याचा क्षार १९४९ च्या सुमारास बाजारांत आला, आणि पुढें मेंढ्या व डुकरें यांच्यावरील भार हळूहळू कमी झाला.

परंतु रोग झाल्यावर आयुष्यभर गोळी देण्यापेक्षां, जेथें मुळांत आयोडिनच कमी पडतें, तेथें तेंच पुरविणें अधिक शहाणपणाचें नाहीं काय? अमेरिकेंत ओहायोच्या ॲक्रन शहरीं मरीन व किंबल यांनीं १९१७ पासून शाळेंतील मुलींना वर्षांतून दोनदां आयोडिनचा क्षार दिला. तो घेणाऱ्या २,१९० मुलींपैकीं केवळ पांचांची ग्रंथि वाढली. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकीं ४९५ जणींची वाढली. स्वित्झर्लंडनें १९२२ पासून मिठांत आयोडिन मिसळण्यास प्रारंभ केला. आपल्या देशांत डॉ. रामलिंगस्वामी यांनीं हिमाचलच्या कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून असाच प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांस आयोडिनयुक्त मीठ व तिसऱ्यास साधें मीठ दिलें. पहिल्या दोहोंत गलगंडाचें प्रमाण कांहीं वर्षांतच निम्म्यावर आलें, तिसऱ्यांत तें तसेंच राहिलें. या कार्याचा जो निबंध १९७३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत आला, त्याच्या लेखकांत देव व करमरकर हीं नांवें वाचून मराठी वाचकास अभिमान वाटल्यावांचून राहत नाहीं. १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला, आणि २००६ पासून खाण्याच्या मिठांत आयोडिन असणें देशभर सक्तीचें झालें. प्रौढ मनुष्यास दिवसाला सुमारें १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतें. म्हणजे साठ वर्षांच्या आयुष्याचा सर्व पुरवठा एका चहाच्या चमच्यांत मावेल. एवढ्याशा उणिवेनें पिढ्यान् पिढ्यांची बुद्धि खुंटली होती! मात्र ज्याच्या ताटांत हें मीठ रोज आहे, त्यानें वर आणखी आयोडिनच्या गोळ्या घेतल्यास लाभ नाहीं; अतिरेकानेंही ग्रंथि बिघडते.

अलीकडील संशोधनानें हीच तराजू अधिक नाजूक केली आहे. १९५२ सालीं ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनीं कंठग्रंथीचें दुसरें, अधिक प्रभावी संप्रेरक शोधलें. आणि १९७० सालीं असें सिद्ध झालें कीं, शरीर थायरॉक्सिनपासून तें स्वतःच बनवितें. म्हणूनच बहुतेक रोग्यांस एकच गोळी पुरते. पिच्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकाचें रक्तांतील प्रमाण मोजतां येऊं लागल्यापासून, कोणास किती उणें आहे, हें अंदाजावर सोडावें लागत नाहीं. १९७४ पासून कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत नवजात बालकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून कंठग्रंथीच्या उणिवेची तपासणी होऊं लागली. ग्रंथीविना जन्मलेल्या बालकास पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषध सुरू केलें, तर त्याची बुद्धि इतर मुलांसारखी वाढते; उशीर झाला, तर गेलेलें परत येत नाहीं. उणीव वेळेवर भरण्याचें याहून हृद्य उदाहरण मला ठाऊक नाहीं.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. ज्यांच्या रक्तांत अगदीं किंचित् फरक दिसतो, पण ज्यांचें संप्रेरक पुरेसें आहे, अशा पांसष्ट वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपांत थायरॉक्सिनची कसोशीनें चांचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला : गोळी घेणाऱ्यांचा थकवा न घेणाऱ्यांपेक्षां कमी झाला नाहीं. तसेंच २०१३ सालीं अमेरिकेंत 'कंठग्रंथीला आधार देणाऱ्या' म्हणून खुलेआम विकल्या जाणाऱ्या दहा पूरक औषधांचें पृथक्करण झालें. त्यांपैकीं नऊंत खरेंखुरें संप्रेरक सांपडलें. घेणाऱ्याला वाटतें, आपण वनस्पतींचें निर्दोष चूर्ण घेत आहों. आणि शरीरांत जातें तें प्रभावी औषध. केंस व नखें यांसाठीं घेतलें जाणारें बायोटिन ग्रंथीला अपाय करीत नाहीं, पण रक्ततपासणीचे आंकडे चुकवितें. म्हणून तपासणीपूर्वीं वैद्याला त्याची कल्पना द्यावी. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्यास त्याचें शोषण कमी होतें. या दोहोंत कांहीं तासांचें अंतर असावें.

श्रोतेहो, थकवा हा कांहीं एका ग्रंथीची मिरासदारी नव्हे. जागरण, काळजी, पंडुरोग, अपुरें अन्न यांनींही मनुष्य थकतो. आणि थकलेल्या माणसाला शक्तीची कुपी नेहमींच मोह घालते. त्याचबरोबर हेंही ध्यानांत असूं द्यावें कीं, घरांतील एखादी स्त्री दिवसेंदिवस मंद, सुजट, थंडीनें काकडणारी होत चालली, तर 'वय झालें' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणें हा तिच्यावर अन्याय आहे. गल यांच्या त्या स्त्रियांनाही त्या काळच्या जगानें आळशीच म्हटलें असेल. अशा वेळीं आधीं मोजावें, मग औषध घ्यावें. आणि मोजून जें उणें ठरेल, तें मात्र विनासंकोच, आयुष्यभर भरीत राहावें. कोखर यांनीं आपल्या रोग्यांना परत बोलावून पाहिलें, मरे यांनीं आपल्या रोग्याचा अठ्ठावीस वर्षें हिशेब ठेवला. औषध दिल्यावर पुढें काय झालें, हें पाहण्याची ही चिकाटी ज्या उपचारामागें आहे, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जेथें ती नाहीं, तेथें कुपीवरील अक्षरें कितीही सोनेरी असलीं, तरी हात आंखडता घ्यावा.